यंत्रविरजण

सोलापूरच्या वस्त्रशुद्धी प्रयोगशाळेत कपडे धुण्याची मशिनं ओळीनं उभी होती आणि सगळ्यांची दारं उघडी होती. डॉ. रेवणसिद्ध बिराजदार एकेका मशिनच्या पोटात डोकं घालून वास घेत पुढे जात होते. शेवटच्या मशिनपर्यंत पोचले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

"सर, बसा की जरा," डॉ. नीलोफर मुजावर म्हणाली. "वास काही पळून जात नाही."

"तीच तर अडचण आहे."

पाण्याची टंचाई वाढल्यापासून शहरात कपडे गार आणि थोड्या पाण्यात धुण्याची सक्ती झाली होती. तेव्हापासून घरोघरची मशिनं कुबट वास मारू लागली होती. नव्या कोऱ्या साडीलाही पहिल्याच धुण्यात ओल्या पोत्याचा वास लागे. लोक ब्लीच टाकत, सोडा टाकत. चार दिवस बरे जात, मग पुन्हा तेच.

नीलोफरनं एका मशिनच्या दाराचं रबर उलटवलं. आतल्या घडीत काळपट, बुळबुळीत थर होता.

"ही जीवसाय. कपड्यांतून घाम येतो, कातडीचे कण येतात, साबणाचा राप बसतो. त्यावर जिवाणू वाढतात आणि एकमेकांना धरून सायीसारखा थर करतात. ब्लीचनं थर जातो, जागा रिकामी होते. आणि रिकामी जागा जो आधी येईल त्याची. नेमके नासकेच आधी येतात."

बिराजदार चालता चालता थांबले. "दूध तसंच ठेवलं तर नासतं. विरजण लावलं तर दही होतं. का? आपल्या जिवाणूंनी जागा अडवलेली असते. नीलोफर, आपण मारायचं सोडून देऊ. विरजण लावू."

"पण चांगलं विरजण आणायचं कुठून?"

"माझ्या घरून. आमच्या मशिनला कधी वासच आला नाही."

बिराजदारांची बायको महानंदा जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून त्यांचा पाय घरात ठरत नव्हता. घरी गेले की तिचं कपाट उघडायचे, साड्यांच्या घडीत नाक खुपसायचे आणि पुन्हा बाहेर पडायचे. साड्यांना नुसता कापडाचा वास येई. तिचा वास उडून गेला, एवढंही आपल्याला ठेवता आलं नाही, हे त्यांना सोसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या मशिनचं रबर काढून घेऊन आले. नीलोफरनं त्यावरची जीवसाय वाढवली. गंधमापक यंत्र फक्त दुर्गंधी मोजत असे, त्यानं शून्य दाखवलं. आता नाकपरीक्षा राहिली होती. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी वास घेऊन कौल द्यायचा, असा नियम होता. पण विरजण म्हटल्यावर कोण थांबतं? परीक्षेची तारीख ठरेपर्यंत जो तो घरी जाताना छोट्या डबीतून चमचाभर घेऊन गेला.

"अहो, अजून मान्यता नाही!" नीलोफर म्हणाली.

"विरजणाला कसली मान्यता, मॅडम? शेजारीण मागते तेव्हा विचारते का?" हिशेबनीस बाई म्हणाल्या आणि डबी पिशवीत टाकली.

सगळे परीक्षेला बसले तेव्हा कुणालाच काही वास आला नाही. यंत्रविरजण मान्य झालं. ते बाजारात आलं, पण विकत फार थोड्यांनी घेतलं. एका घरातून दुसऱ्या घरात, गल्लीतून पेठेत, ते वाटीवाटीनं गेलं. मशिनमधून कपड्यांत आणि कपड्यांतून अंगावरही. थोड्याच महिन्यांत गावातला कुबट वास गेला.

मग नीलोफरचा भाऊ मिरजेहून आला आणि म्हणाला, "तुमच्या गावात सगळ्यांना एकच वास कसा गं येतो? वाईट नाही, पण एकच."

"त्याला सर्दी झाली असेल," बिराजदार वैतागून म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांची मेव्हणी शिवलीला उदगीरहून आली. महानंदा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच येत होती. उंबऱ्यातच उभी राहून डोळे पुसू लागली.

"दाजी, स्टँडवर रिक्षात बसले आणि मला रडूच फुटलं. रिक्षावाला म्हणतो, मावशी, भाडं जास्त सांगितलं का?" ती रडता रडता हसली. "त्याच्या शर्टाला आक्काचा वास होता. मग कोपऱ्यावरच्या भाजीवालीला. आता तुम्हालाही." तिनं त्यांच्या शर्टाची बाही धरून नाकाला लावली. "हाच. आक्काच."

बिराजदार तसेच प्रयोगशाळेत आले. नीलोफरनं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला.

"तुमच्या मशिनमधली जीवसाय वहिनींच्या कातडीवरच्या जिवाणूंची होती, सर. तिला वास होता. पण घरचा वास घरच्याला येत नाही. नाक तो मोजायचंच सोडून देतं. तुम्ही सवयीनं फसलात आणि आम्ही डब्या नेऊन."

"मग साड्यांचा वास..."

"गेलेला नाही. तुम्हाला येत नाही एवढंच. आता तर अख्खं गाव तुमचं घर झालंय."

ते येरझाऱ्या घालू लागले. "मला तो घ्यायचाय. एकदाच."

"मग विरजण नाही अशा गावी जाऊन राहा. इथला धागाही नेऊ नका. अंगावरचे जिवाणू बदलतील, नाक सवय विसरेल. मग इथल्या कुणालाही भेटा."

हातातलं काम नीलोफरवर सोपवायलाही त्यांना बरेच दिवस लागले. मग कोरे कपडे घालून, रिकाम्या हातानं ते उदगीरला उतरले. शिवलीला स्टँडवर उभी होती. जवळ येऊन तिनं त्यांच्या खांद्याशी नाक नेलं.

"येतो का अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही येत."

"एवढ्यात गेला?" ते खूश झाले. शिवलीलाचा चेहरा मात्र पडला होता.

"दाजी, रागावू नका. मागच्या वेळी निघताना मी तुमच्या मशिनचं रबर फडक्यानं पुसलं आणि ते फडकं डब्यात घालून आणलं. आक्का घरात असल्यासारखं वाटेल म्हणून. वाटलंही. रोज घड्या घालताना बसून राहायचे. शेजारणींनी मागितलं, त्यांनाही दिलं."

"आणि आता?"

"आता कुठंच येत नाही. म्हटलं, तुमच्या अंगाला तरी येईल. म्हणून तर स्टँडवर आले."

बिराजदार रागावले नाहीत. त्यांनीही हेच केलं असतं. कंडक्टर बिदर, देगलूर अशी नावं पुकारत होता.

"बिदरला आपलं कोण आहे?"

"मामांची सून. तिला दिलंय."

"देगलूरला?"

"आक्काची मैत्रीण. ती तर स्वतः येऊन घेऊन गेली."

"शिवलीला, आपलं कुणीच नाही असं एक गाव सांग."

"तिथं जाऊन काय करणार, दाजी?"

"थांबेन. कधीतरी सोलापूरचा माणूस शेजारून जाईल."