उत्तरासाठी सोडलेली जागा

"अब्बा, वांगी करपली! पुरे करा आता तो धडा!" कहकशा स्वयंपाकघरातून ओरडली... आणि बाहेर येऊन पाहते तर दारात एक अनोळखी तरुण.

निवृत्त झाल्यापासून तिचे अब्बा, अमीन सर, चोपड्याकडच्या पोरांसाठी विज्ञानाचे धडे अहिराणीत मोबाइलवर रेकॉर्ड करत. कुणीही घ्या, बदला, वाटा, सगळं फुकट. असे खुले धडे गोळा करणारा झैद त्यासाठीच धुळ्याहून जळगावला आला होता.

"वांगीही खुली आहेत का?" त्यानं हळूच विचारलं.

"करपली तरी धुळेकरांना मिळत नसतात."

अब्बा खो खो हसले. रेकॉर्डिंग चालूच होतं. "राहू दे," ते म्हणाले, "पोरं खूश होतील."

जिना उतरताना झैदनं वळून पाहिलं, आणि ती नेमकी तेव्हाच खिडकीत... काय म्हणाला असेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा उठलेच नाहीत.

अब्बांचा चाळिसावा झाल्यावर झैदनं सगळे धडे एआयकडून स्वच्छ करून पाठवले. ऐकून तिनं थेट फोन लावला.

"'समजनं का?' विचारून अब्बा थांबायचे. ते थांबणं कुठे गेलं?"

"मोकळी जागा ते आपोआप कापतं..."

"मोकळी? पोरं तिथं 'बठ्ठं समजनं', सगळं समजलं, असं उत्तर देतात! तुमच्या शहाण्या यंत्राला जरा दम धरवत नाही?" मग आवाज बारीक झाला. "माझी वांगीसुद्धा कापली हो..."

रविवारी तो एसटीनं आला. लॅपटॉप उघडला.

"मूळ फायली होत्या. एकेक जागा हातानं परत घातली. किती थांबायचं कळेना, म्हणून मीच दर वेळी मनात उत्तर देत बसलो."

"दर वेळी?"

"अभ्यास झाला." मग तो चाचरला. "आता यंत्र सरांच्या आवाजात नवे धडेही करू शकतं. सातपुड्यातल्या पावरी बोलीतसुद्धा. 'बदला, वाटा' अशी परवानगी त्यांनीच देऊन ठेवलीय, पण तुम्हाला न विचारता—"

"नको. ते जे बोलले नाहीत, ते त्यांच्या तोंडी नको." तिनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला. "नवे धडे मी बोलेन. पावरी करू दे यंत्राला, पण सातपुड्यातल्या शिक्षकांनी तपासल्याशिवाय एक शब्द पुढे जाणार नाही."

"म्हणजे मला सारखं यावं लागणार."

"तक्रार आहे?"

"फक्त वांग्यांबद्दल."

"वैताग आहात नुसते," ती म्हणाली. पण हसू लपलं नाही.

तिनं शेवटचा धडा लावला. केळीच्या पानावरून पाणी का घरंगळतं. मध्येच तिचं ओरडणं, अब्बांचं हसू, मग पुन्हा तो सावकाश आवाज, "समजनं का?"

आणि शांतता. घरात इतकी वर्षं त्या जागेत ती 'पुरे आता, जेवायला या' एवढंच म्हणत आली होती.

झैदचा हात धडा बंद करायला पुढे झाला. तिनं तो धरला, आणि सोडला नाही.

"समजनं, अब्बा," ती मोठ्यानं म्हणाली. "बठ्ठं समजनं."