गेणबाचा गाल

"जमादार, चला! दादाला वैनी इख घालतीया!"

भिवाजी पौडाच्या ठाण्यात शिरला आणि जयसिंग जमादाराचा चहा बशीत सांडला. एकोणसाठ सालातली ही गोष्ट.

मुळशी खोऱ्यातली सगळी वाडी गेणबाच्या अंगणात जमली होती. फुकटचा तमाशा कोण सोडतो? मधोमध साळूबाई, गुडघ्यात डोकं घालून. ओसरीवर तिचा नवरा, भिवाजीचा थोरला भाऊ गेणबा. डावा गाल टरारून सुजलेला, त्यावर बिब्ब्याच्या डागाची जखम, पू वाहतोय. वासानं कुत्रंसुद्धा लांब बसलेलं.

"इख? विष घालती कशावरनं?" जमादारानं विचारलं.

"ही म्हायेरी गेली की दादाची सूज उतरती," भिवाजी म्हणाला. "आली की चढती. दोनदा झालं! आज हिला हाकलूनच देतो."

"ती न्हवती तवा गेणबा कुटं हुता?"

"माझ्याकडं, पिरंगुटाला. कंपाउंडरची सुई बी रोज टोचली."

"दोन्ही बारीला?"

"व्हय की."

जमादार मिशीत हसला. मग त्यानं गेणबाच्या मानेला हात लावला आणि हसू विरलं. चिंचोक्यासारखी टणक गाठ. दाबली तरी हलेना, दुखेना.

"डाग कवा दिला?"

"दाढ सुजली तवा," साळूबाई हुंदक्यातनं बोलली. "दाढ पडली, सूज ऱ्हायली."

"गेणबा, तोंड उघड."

जबडा जेमतेम दोन बोटं उघडला. "तंबाकू हाय आत."

"थुक."

जमादारानं बॅटरी मारली. तंबाखूची गोळी रोज दाबून धरायची तिथंच, कोंबड्याच्या तुऱ्यासारखं खरबरीत मांस वाढलेलं.

त्याच दिवशी त्यानं गेणबाला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आठवड्यानं जमादार एकटाच परतला तेव्हा वाडी पुन्हा अंगणात.

"गुन्हेगार गावला," जमादार म्हणाला. भिवाजीनं वहिनीकडं बोट केलं. "बोट खाली कर! कॅन्सर हाय. डॉक्टरनं तुकडा काढून तपासला. गेणबानंच त्याला तंबाकू घालून गालात पोसला."

"मग सूज उतरायची कशी?" भिवाजीनं विचारलं.

"त्या मांसात पू धरतो, म्हणून गळू वाटतं. सुईनं पू सुकायचा, मूळ तसंच. वैनी आली की दादा घरी अन् सुई बंद. पुन्हा पू, पुन्हा सूज! अन् बिब्ब्याची जखम बघून सगळे भाईरनंच औषध लावत बसले. तोंडात कुनी बघितलंच न्हाई."

"वाचंल का?"

"गाल कापायचा म्हंतात. लई उशीर झालाय. सांगता येत न्हाई."

भिवाजी वहिनीच्या पायाशी वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"ते ऱ्हाऊ द्या, भावजी," ती पदर खोचत उठली. "पुण्याची गाडी कुटं मिळती, तेवढं दावा. ते तितं एकलेच हायेत."