उंबऱ्यावरचा उतारा

साडेअकरा वाजले तरी बाजार समितीच्या कचेरीचं कुलूप उघडलं नव्हतं, आणि इन्स्पेक्टर आमेगानचं डोकं सणकलं होतं. उंबऱ्यावर भोपळ्याचं भांडं. त्यात कोंबडीची पिसं, कवड्या, मक्याचं पीठ. आख्ख्या लोमे शहरात ते ओलांडायला कुणी तयार नव्हतं. त्याच्या हवालदारांनीही हात जोडले होते. "नोकरी घ्या, साहेब, पण पाय टाकायला सांगू नका!"

अध्यक्षपदाचे अर्ज आजच, फक्त बारापर्यंत घ्यायचे होते. कापडवाली आब्लावी अर्ज घेऊन उन्हात उभी होती. सात वर्षं खुर्चीला चिकटलेल्या गोकाला टक्कर देणारी ती एकटीच.

"पहाटे मी बाजारच्या देवाला पीठ वाहिलं, वर सोडाबी दारू ओतली," ती कडाडली. "पोटभर पाजलेला देव मला कशाला अडवेल?"

आमेगान कारकून टेटेकडे वळला. "सकाळपासून आत गेला नाहीस?"

"आईशप्पथ, साहेब! सातला आलो, भांडं पाहिलं, बाहेरच थांबलो." घाम पुसताना टेटेच्या कपाळावर जांभळा फराटा उमटला.

"गोकाचा अर्ज?"

"त्यांचाही राहिलाच की. देवापुढे सगळे सारखे."

"आणि शिक्का?"

"आत. शाईसकट कुलपात."

आमेगान वाकला. त्याने भांड्याचा वास घेतला, मग पुन्हा घेतला.

"दारू ओतल्याशिवाय देव येत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक," तो उठत म्हणाला. "इथे पीठ ठणठणीत कोरडं. मांडलंय सगळं, बोलावलं कुणालाच नाही. असं कोण करेल? ज्याला इतरांना अडवायचंय, स्वतःला मात्र ओलांडायचंय. आणि जो देवाला भितो. कपाळावरची शाई आतली आहे, टेटे. गोकाचा अर्ज शिक्का मारून आत पडलाय."

टेटे मटकन खाली बसला. "भावाला गाळा देतो म्हणाले गोका. पण सोडाबी ओतायचा धीर नाही झाला, साहेब. मला लेकरं आहेत."

बाराला सात मिनिटं होती.

"उघड दार! आधी हिच्या अर्जावर शिक्का, मग बेड्या."

टेटे भांडं ओलांडून आत गेला. आब्लावीने लुगडं सावरलं, डोळे मिटले आणि मागोमाग पाय टाकला. शिक्क्याचा धप्प आवाज बाहेर ऐकू आला.

"या ना आत, साहेब!" ती आनंदाने ओरडली. "पकडा याला!"

आमेगानने पाय उचलला. तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि आपसूक मागे आला. त्याला स्वतःचाच भयंकर संताप आला.

"त्यालाच बाहेर पाठवा," तो खेकसला.