वापरलेली सातवी

खाकी कागदाची गुंडाळी, कात्री, वाटीत खळ. कोपरा दुमडताना जिभेचं टोक बाहेर.

•

ऋण गुणिले ऋण, धन. दाराची कडी बाहेरून लागते.

•

ठसाघराच्या भिंतीवरची सूचना: मुलांना उपाशीपोटी आणू नये. केसांना तेल लावू नये. मूल रडत असल्यास पुढची तारीख घ्यावी.

•

हरितद्रव्य पानांत असतं. फिनाइलचा वास येतो.

•

वेदांग गावंडे, सातवीत शाळेत पहिला. फोटोत वडिलांचा हात त्याच्या खांद्यावर आहे.

•

कूलरमधलं पाणी संपलं आहे, आणि भरायला कोणी उठत नाही.

•

विदर्भातल्या शाळा उघडायला आठवडा राहिला होता. अकोल्यातल्या त्या घरात कूलर नुसतीच गरम हवा फेकत होता. श्रावणी मुलीसमोर मांडी घालून बसली होती आणि तिची परीक्षा घेत होती. दिवाणावर तिचे वडील, आबा, चित्रकलेच्या वहीला खाकी कागदाचं कव्हर घालत होते. शाळेत वही आता ही एकच लागायची. आबा ती दर जूनमध्ये मागून घेत आणि दिवसभर पुरवत.

"ऋण गुणिले ऋण?"

"धन," चार्वी म्हणाली, आणि तिचा डावा तळहात डाव्या कानावर गेला.

"कान दुखतो का गं?"

"नाही."

"मग हात काहून तिथं?"

चार्वीने हात खाली घेतला आणि तो शेजाऱ्यांचा असल्यासारखा त्याच्याकडे पाहिलं. "माहीत नाही. ऋण म्हटलं की जातो."

"तुझ्या आईचा डोक्याला जायचा," आबा कव्हरातून मान वर न करता म्हणाले. "गणित म्हटलं की डोकं धरून बसायची. काठावर पास व्हायची बाई, आणि आता परीक्षा घेऊन राहिली."

"आबा, तुमचा कोपरा वाकडा होऊन राहिला."

"तो वाकडाच असतो."

चार्वी हसली नाही. एरवी हसली असती.

•

ठसाघरात ते तिघं गेले होते, त्याला आता दोन आठवडे झाले होते.

आबांच्या लहानपणी जून म्हणजे कव्हरं घालणं. श्रावणीच्या लहानपणी टॅबलेटवर नवी इयत्ता उतरवून घेणं आणि पासवर्ड विसरणं. चार्वीच्या पिढीला जूनच्या आधी ठसा लागायचा. जे मूल एखादी इयत्ता नीट शिकलं आहे, त्याच्या डोक्यातून ती टिपून घ्यायची आणि पुढच्या मुलाच्या डोक्यात उतरवायची. मऊ टोप घालून मूल तासभर झोपतं आणि उठतं तेव्हा त्याला सातवी येत असते. शाळेत मग ती वापरायला शिकवतात.

सरकारी ठसा सगळ्यांना मिळायचा, पण तो पातळ असतो असं लोक म्हणत. घरात एखादं हुशार मूल असलं की त्याचाच ठसा धाकट्याला देत. जुन्या पुस्तकांचं पूर्वी असंच चाले, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. श्रावणीच्या मोठ्या भावाचा, रोहनचा, मुलगा वेदांग पहिला आला होता. सातवी घरातच होती.

"खोडणी करायची ना?" ठसाघरातल्या तायडे मॅडमनी विचारलं होतं.

"म्हणजे नेमकं काय करता?"

"धडा डोक्यात एकटा बसत नाही ताई. ज्या खोलीत शिकला ती खोली, तिथला वास, तेव्हा पोटात काय होत होतं, हे सगळं त्याला चिकटून येतं. आम्ही त्याला समास म्हणतो. परक्याचा ठसा असला तर सगळेच समास खोडून घेतात. त्यात धडाही थोडा पुसट होतो."

"पुसट कशाला करायचा?" आबा म्हणाले. "मला पुस्तकं मिळायची ती माझ्या चुलतभावाची. समासात पेन्सिलीने अर्धी उत्तरं लिहिलेली. सगळ्या राजांना मिशा काढलेल्या, राण्यांनासुद्धा. मी पास झालो तो त्या समासाच्या जिवावर. राहू द्या हो. घरचंच आहे."

श्रावणीला ते पटलं. वेदांग गोड मुलगा. त्याच्या समासात काय असणार? क्रिकेट आणि आंबे.

"वेदांगच्या डोक्यातला समास मात्र झाडून झाला आहे," तायडे मॅडम टोप ओला करत म्हणाल्या. "टिपून घेतला की देणाऱ्याचं डोकं आम्ही आवरून देतो. धडे राहतात, बाकीचं जातं. आठवीत हलकं वाटतं पोराला. त्याच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं."

•

समासात: पांढऱ्या फरशा. एकीला तडा, नर्मदेच्या नकाशासारखा. नर्मदा पश्चिमवाहिनी आहे.

समासात: चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

समासात: मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवल्याचा आवाज. मग दशांश अपूर्णांक.

•

त्या दोन आठवड्यांत चार्वीने मोरीच्या दाराला कडी लावणं बंद केलं. आंघोळ करताना ती आईला बाहेर उभं राहून बोलत राहायला सांगू लागली. श्रावणी भाजीचे भाव, शेजाऱ्यांची भांडणं, काहीही बोलत राहायची. चार्वीचे वडील राजस्थानात सौरप्रकल्पावर होते. त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, वय आहे, होतं असं.

कव्हराच्या त्या दिवशी, परीक्षेनंतर आंघोळीला गेली तेव्हा, चार्वीने दारामागून आवाज दिला.

"आई, इथला आरसा काढ ना."

"का गं?"

"वेदांगदादाच्या मोरीत आरसा आहे. त्यात मागून मामा येताना दिसतात."

श्रावणी भाजीबद्दल बोलत होती ती थांबली.

"बोल ना," चार्वी म्हणाली. "थांबू नको."

"मामा येऊन काय करतात?"

पाण्याचा आवाज बंद झाला. "प्रश्न विचारतात. दादाला येतं सगळं. पण घाबरला की येत नाही. मग बाहेरून कडी लावतात. कधी स्वतः आत असताना आतून." नळ पुन्हा सोडत ती म्हणाली, "मला लागत नाही आई. मला फक्त माहीत आहे."

•

रोहनचा फोन त्याच दुपारी आला. सगळ्या नात्यात त्याचं कौतुक होतं, कारण ऑफिसातून दमून आला तरी तो रोज मुलाचा अभ्यास स्वतः घ्यायचा.

"काय म्हणते आमची सातवी? चालून राहिली का नीट?"

"चालते ना."

"खोडणी करून घेतली असशील."

श्रावणीने चार्वीकडे पाहिलं. ती आबांच्या पायाशी बसून कागदाच्या कापलेल्या पट्ट्या गोळा करत होती.

"हो दादा."

पलीकडे श्वास सुटलेला ऐकू आला. "बरं केलं. पोरांच्या डोक्यात नको ते राहतं."

"वेदांगला दे ना जरा. त्याचे आभार मानायचे आहेत."

फोनच्या पडद्यावर वेदांग आला. उंच झाला होता, हसत होता. बोलताना त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला.

"आत्या, काय म्हणाली?"

"म्हटलं, सातवी कशी गेली?"

"मस्त. पहिला आलो ना. तसं मला फार आठवत नाही. बाबांनी खूप मेहनत घेतली म्हणे."

"डाव्या कानाला काय झालं रे?"

"तो फुटलेला आहे. लहानपणापासून." त्याने कॅमेऱ्याबाहेर पाहिलं. "हो ना बाबा?"

मागच्या दिवाळीला तो दोन्ही कानांनी नीट ऐकत होता. फटाक्यांना घाबरून त्याने ते दोन्ही हातांनी झाकले होते, आणि सगळे त्याच्यावर हसले होते. श्रावणीही.

•

"पोरीचं डोकं साफ करून घे," आबा म्हणाले. श्रावणीने त्यांना मोरीतलं सगळं सांगितलं तोवर कव्हर पूर्ण झालं होतं. ते उगाच कडेवर नख फिरवत होते. "शाळा तोंडावर आली."

"आणि वेदांगचं?"

"त्याचं साफच आहे. पाहिलं ना, हसून राहिला होता."

"आठवीत पुन्हा होणार आबा. आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा साफ."

"रोहनला मी समजावतो."

"समजावून काय म्हणाल?"

आबांनी वही मांडीवरून काढून दिवाणावर ठेवली. "घरातली गोष्ट आहे श्रावणी. चावडीवर नेऊन काय मिळणार? वाटलं तर ते पोरगं इथं आणून ठेव."

"रोहन देईल?"

"नाही देणार," आबा म्हणाले.

•

ठसाघरात तायडे मॅडमनी पडदा ओढून घेतला आणि सगळं ऐकलं. मग सांगितलं ते एवढंच. ठसाघर कुठलीही प्रत ठेवत नाही, नियम तसा आहे. वेदांगच्या डोक्यातून समास गेला आहे, तो परत येत नाही. कान तपासला तर जखम दिसेल, कोणी केली ते दिसणार नाही. त्या वर्षाची साक्ष आता एकाच ठिकाणी आहे.

"चार्वीकडे," श्रावणी म्हणाली.

"हो. मुलांच्या समितीकडे तक्रार केली तर त्यांचे तज्ज्ञ तो वाचतील. पण तोपर्यंत त्याला हात लावता येणार नाही. थोडासुद्धा खोडला, तर समोरचा वकील म्हणणार की बाकीचाही तुम्हीच भरला."

"तोपर्यंत म्हणजे किती?"

"मी पाहिलेल्या एका प्रकरणात मुलगी दहावीला गेली होती."

"आणि इतके दिवस डोक्यात राहिला तर?"

"मुरतो," तायडे मॅडम म्हणाल्या. "मग तिचा कुठला, त्याचा कुठला, वेगळं करता येत नाही. खोडायचा असेल तर याच आठवड्यात."

श्रावणीने आजवर चार्वीला विचारून काही ठरवलं नव्हतं, सँडलचा रंग सोडला तर. ती मुलीसमोर खाली बसली आणि सगळं सांगितलं. सोपं करून नाही, आहे तसं.

चार्वीने ऐकून घेतलं. "खोडलं तर मला कळणार नाही ना, दादाचं काय झालं ते?"

"नाही."

"तुला कळेल?"

"मला कळेल. पण माझं कोणी धरणार नाही. मी पाहिलेलं नाही."

"मी पण नाही पाहिलं."

"तुझं धरतात."

चार्वी बराच वेळ टोपाच्या ओल्या कडेला बोट लावत राहिली. "मग राहू दे," ती म्हणाली. आणि नंतर, अगदी व्यवहाराचं बोलल्यासारखं, "पण माझ्या वर्गाजवळ मोरी नको. तू बाईंना सांग."

श्रावणीने तक्रारीवर अंगठा टेकवला. अंगठ्याला घाम होता. यंत्राने तो दोनदा नाकारला.

तिला तेव्हा वाटलं की आपण एका मुलाला सोडवायला दुसऱ्याला आत बसवलं आणि बाहेरून कडी लावली. तसं ती तायडे मॅडमना म्हणालीही. त्यांनी चार्वीला तिळाची वडी दिली.

•

समासात, नवी नोंद, अक्षर कुणाचं ते सांगता येत नाही: तिळाची वडी. पडद्याचा निळा रंग. आईचा अंगठा.

•

शाळा उघडली त्या सकाळी रोहन दारात उभा होता. भाचीला दप्तर मामाने द्यायचं, ही त्यांच्या घरातली पद्धत. त्यात आता एकच वही जात असली तरी दप्तर दरवर्षी नवं असायचं. समितीची नोटीस त्याला अजून पोचली नव्हती. गाडीत वेदांग बसला होता आणि काचेतून हात हलवत होता. सुनावणीची तारीख लागेपर्यंत तो त्याच घरात राहणार होता.

"या भाचीबाई," रोहन म्हणाला. "वेदांगचं नाव राखायचं बरं का. ओझं नाही ना वाटत?"

त्याने दप्तर तिच्या पाठीवर चढवलं आणि पट्टे स्वतः ओढून बसवले. आबांनी आतल्या खोलीतून बाहेर यायला उशीर केला. श्रावणी दाराच्या चौकटीला धरून होती. तिला त्याला ढकलून द्यायचं होतं. पण नोटीस पोचण्याआधी काहीही करू नका, असं समितीने बजावलं होतं. नाहीतर मुलगा दूरच्या नातेवाइकांकडे जाईल आणि सापडणार नाही.

चार्वी वाकली आणि मामाच्या पाया पडली. उठताना तिने दोन्ही हातांनी पट्टे घट्ट धरलेले होते.

"वा," रोहन म्हणाला. "शिस्त लागली पोरीला."

गाडी वळून दिसेनाशी झाली. रिक्षा आली. चार्वी आत बसली, मग पुन्हा बाहेर डोकावली.

"आई, सुनावणी होईपर्यंत त्यांना मामाच म्हणायचं का?"

रिक्षावाल्याला घाई होती. श्रावणीने उत्तरासाठी तोंड उघडलं तोवर रिक्षा कोपऱ्यापर्यंत गेली होती.

•

वेदांगचा सहावीचा ठसा आदल्या वर्षी अकोल्यातल्याच एका मुलाला दिला गेला होता. तो मोरीचं दार लावेना, तेव्हा त्याच्या आईवडिलांनी शाळा उघडायच्या आत समास पूर्ण खोडून घेतला आणि कोणालाही काही सांगितलं नाही.