उपवासातली गोळी

“सोलापुरात भूत कुठलं, काका? तेही नोकरीला पुण्याला गेलं असेल,” आरोही म्हणाली. जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर सगळे हसले. वीज गेली होती. यज्ञेश्वरकाका हसले नाहीत. त्यांनी सांगायला सुरुवात केली.

माझ्या मित्राचा मुलगा सिद्धराम एका हृदयाच्या दवाखान्यात कामाला आहे. स्टेंट, म्हणजे लोक जिला स्प्रिंग म्हणतात ती, बसवलेल्या माणसांना महिनाभर रोज फोन करायचा आणि गोळी घेतली का ते विचारायचं, हे त्याचं काम. स्प्रिंग नवी असते. गोळी चुकली तर तिच्यात रक्ताची गाठ होऊ शकते. मग माणूस हाती लागत नाही.

गेल्या वर्षी, श्रावणातला दुसरा सोमवार. अक्कलकोट रोडला एका वस्तीवर राहणारे संगप्पा दिवसभर फोन उचलेनात. स्प्रिंग बसवून दहावा दिवस. रात्री नऊ वीसला सिद्धरामने घरून पुन्हा लावला. या वेळी उचलला गेला. पण पलीकडून कुणी बोलेना. फक्त तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज... आणि फोन बंद.

त्याने खिशात गोळ्या घेतल्या, मोटारसायकल काढली.

वस्तीवर दिवा नव्हता. कुत्रं भिंतीला अंग चोरून बसलेलं. भुंकेना. दार सताड उघडं. आत खाटेवर संगप्पा एकटेच, घामाने भिजलेले. बायको शिवबाई देवळात.

पहिला सोमवार दवाखान्यात बुडाला, म्हणून हा त्यांनी निर्जळी धरला होता. रात्रीच्या पूजेआधी तोंडात काही घालायचं नाही, म्हणून सकाळची गोळीही तशीच ठेवली. सांजेला छाती भरून आली. उठवेना.

सिद्धरामने गोळी पुढे केली.

“घेतली की. तुमच्या माणसानं दिली. फोनबी त्यानंच उचलला.”

“कुठला माणूस?”

“दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटंवर हुता न्हवं... येडू.”

सिद्धरामने गोळी परत खिशात ठेवली.

येडू आदल्या सोमवारी वारला होता. घरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. उपवासाला गोळी सोडली होती त्याने. त्या दिवशी फोनवर त्याच्या बायकोचं रडणं सिद्धरामनेच ऐकलं होतं.

“काय... म्हणाला?”

“लई न्हाय बोलला. हात धरला. म्हणला, पूजेसाठी थांबू नगंस. मी थांबलो हुतो.”

काका थांबले. आरोही जरा जवळ सरकली.

सिद्धरामने ॲम्ब्युलन्स बोलावली. संगप्पा वाचले. गोळी वेळेवर पोटात गेली म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. मनगटावर निळे वळ होते. या गोळ्यांनी रक्त पातळ होतं, जरा दाबलं तरी वळ उठतो, तेही डॉक्टरांनी समजावलं. खरंय.

पण वळ चार बोटांचे होते. अंगठ्याचा नव्हता.

येडूचा अंगठा कडबाकुट्टीच्या यंत्रात तुटून गेलेला...

असले वळ आठ-दहा दिवसांत जातात म्हणे. संगप्पा मला परवाच भेटले. बाही वर करून त्यांनी हात दाखवला.

अजून आहेत.