हळदीची पाच बोटं

नळीत पेरॉक्साइडचा थेंब पडला, पण रंग आला नाही.

आम्रपालीने दुसरा थेंब टाकला. द्रावणात टायटॅनियम असतं तर ते केशरी व्हायला हवं होतं. मग तिने लिटमसची निळी पट्टी बुडवली. ती लाल झाली नाही. टाकीतलं ॲसिडही गायब!

चाकणच्या या छोट्या कारखान्यामागे हलक्या प्रतीच्या खनिजाचा ढीग वर्षानुवर्षं पडून होता. त्यात टायटॅनियम अगदी थोडं, म्हणून तो फेकून द्यावा, असं मॅनेजर बबनरावांनी कधीच लिहून टाकलं होतं. आणि बबनरावांनी लिहिलं की ते लिहिलं. लॅब सांभाळणाऱ्या आम्रपालीने मात्र उलट सांगितलं: ॲसिडमध्ये मुरवलं तर यातूनही टायटॅनियम सुटून येतं. लॅबमध्ये आलंही. आता दोनशे लिटरच्या टाकीत शेवटचा प्रयोग होता. खंडेनवमीला टाकी भरली, मध्ये दसऱ्याची सुट्टी, आणि आज मालकीणबाई प्रभावती मॅडम निकाल बघायला येणार होत्या.

बबनरावांनी एक कागद पुढे सरकवला.

"ॲसिड घालायला विसरले, असं लिहिलंय. सही कर. प्रोजेक्ट बंद होईल, पण तुझी नोकरी वाचेल."

"मी विसरले नाही, साहेब. सही करणार नाही."

"मग नोकरी जाईल."

"जाऊ दे. खोट्याखाली माझं नाव येणार नाही."

संत तुकाराम नगरातल्या कामगाराची पोर ती. संपात वडील दोन महिने घरी बसले होते, पण माफीनाम्यावर त्यांनी सही केली नव्हती. ती तरी कशाला करेल?

ऑपरेटर ज्योतीरामला घेऊन ती शिडीने टाकीवर चढली. झाकणावर खंडेनवमीच्या पूजेची पाच बोटं ओढलेली होती. तीन पिवळी. तोंडाजवळची दोन लालभडक.

"ज्योतीराम, कुंकू कुणी लावलं?"

"कुंकू कुठलं, ताई? पयल्या दोन मशिनींनाच संपलं. हितं मी नुसती हळद वढली."

तिने मोबाइल काढला. पूजेत ती हात जोडत नसे, पण दरवर्षी फोटो तीच काढायची. फोटोत पाचही बोटं पिवळी होती.

"आता आपल्या दोघांशिवाय वर कुणी चढायचं नाही," ती म्हणाली.

सांडपाण्याच्या शेडमध्ये ॲसिड मारायला कॉस्टिक सोड्याचा एक भरलेला कॅन असायचा. तो रिकामा होता. तिथून ती गेटवर वॉचमनकडे गेली.

"कोंडाजीकाका, दसऱ्याला आत कोण आलं होतं?"

"बबनराव सायेब. सोनं द्याया आले व्हते. मंग तासभर आत व्हते."

"आणखी कुणी?"

"कुनी न्हाई."

अकरा वाजता प्रभावती मॅडम आल्या. आम्रपालीने त्यांच्यासमोरच विचारलं, "दसऱ्याला तुम्ही आत कुठे होता, साहेब?"

"केबिनमध्ये. मेल बघत."

"टाकीवर चढला होता?"

"पायसुद्धा ठेवला नाही."

"आणि पूजेला?"

"चिंचवडच्या ऑफिसात होतो!" बबनराव भडकले. "मॅडम, हिचं काय ऐकता? तीन बोटं पिवळी, दोन लाल, ही काय पूजा झाली? ज्यांना कुंकू धड लावता येत नाही ते ॲसिड काय मोजणार!"

आम्रपालीला राग आला होता, तरी ती हसली.

"कुंकू नव्हतंच, साहेब. संपलं होतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घरोघरी माहीत आहे. ॲसिडने ती पिवळीच राहते. चुन्यासारखंच काम कॉस्टिक करतं. कुणीतरी टाकीत कॉस्टिक ओतलं, कॅन ओघळला आणि तोंडाजवळची दोन बोटं लाल झाली. हा पूजेचा फोटो बघा, मॅडम, पाचही पिवळी. आज वर फक्त मी आणि ज्योतीराम चढलो, आणि खाली कुणाला काही सांगितलं नाही. मग साहेब, तीन पिवळी आणि दोन लाल, हे तुम्हाला कुठून कळलं?"



"वीस वर्षं सांगतोय, ती माती आहे," बबनराव पुटपुटले. "आणि ही कालची पोर..."

"पण प्रयोग तर गेलाच ना?" प्रभावती मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम."

आम्रपालीने टाकीच्या तळातला पांढरट गाळ नळीत घेतला, त्यावर ॲसिड घालून हलवत राहिली. गाळ विरघळला. तिने पेरॉक्साइडचा थेंब टाकला.

नळी झेंडूसारखी केशरी झाली.

"कॉस्टिकने टायटॅनियम मरत नाही. नुसतं खाली बसतं," ती म्हणाली. "ॲसिड दिलं की पुन्हा वर येतं."

मग तिने तो बिनसहीचा कागद बबनरावांच्या पुढ्यात सरकवला.

"यातलं 'ॲसिड घालायला विसरले' खोडा आणि 'कॉस्टिक ओतलं' लिहा. सही मात्र तुमची लागेल."