बयाआजीच्या अकरा ताटल्या

"आधी पोहायला, मग कैऱ्या," रुद्र म्हणाला.

"आधी कैऱ्या. पोहून दमलास की तुला झाडावर चढवत नाही. मागच्या वर्षी कसा आपटला होतास," सार्थकनं आठवण करून दिली.

"आपटलो नव्हतो, उतरलो होतो."

"पाठीवर?"

प्रगती खो खो हसली. हसता हसता तिची नजर पडवीत गेली आणि तिचं हसू जागीच थांबलं. हरिबाआबांनी, तिच्या आजोबांनी, पुढ्यातलं स्टीलचं ताट हातानं हळूच बाजूला सारलं होतं. भाकरीचा तुकडाही मोडलेला नव्हता.

"भूक न्हाई," एवढंच म्हणून ते भिंतीला टेकले.

सिंधूकाकूंनी ताट उचललं. "गुरुवारपास्नं हेच चाललंय. चहाबिस्किटावर म्हातारं माणूस किती दिवस तग धरणार?"

परीक्षा संपल्याबरोबर प्रगती आणि सार्थक शिक्रापूरहून न्हावऱ्याजवळच्या वस्तीवर सुट्टीला आले होते. त्यांचा चुलतभाऊ रुद्र पाबळला मावशीकडे राहून शिकायचा, तोही कालच घरी परतला होता. दिवाळीत बयाआजी गेली. तेराव्यानंतर तिघंही पहिल्यांदाच या घरात एकत्र आले होते. आजी नसलेलं घर कसं लागेल, याची प्रगतीला वाटेत धास्ती वाटत होती. पण इथे येऊन बघते तर आजीचा विषयच कुणी काढत नव्हतं. तिनं एकदा काढला, तर काकूंनी तिला गप्प केलं. "गेलेल्या माणसाचं सारखं नाव काढू नये गं. जीव घुटमळत राहतो त्याचा."

आता मात्र प्रगतीला राहवेना. "काकू, आबांची निळी ताटली कुठाय? आबा स्टीलमध्ये कधी जेवतात?"

काकूंनी मान वळवली. "चिरा पडल्या होत्या. चिरलेलं भांडं घरात ठेवू नये. टाकून दिल्या."

"अकराच्या अकरा?"

काकू चुलीकडे गेल्या.

त्या अकरा ताटल्या म्हणजे बयाआजीचा जीव की प्राण. आजी तरुणपणापासून तूप विकायला दौंडला जायची, रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यांवर. एकेक कुटुंब बदली होऊन निघालं की सामान हलकं करायचं, आणि आजी तुपाच्या बदल्यात एखादी चिनी मातीची ताटली मागून घ्यायची. सगळ्या निळ्या नक्षीच्या, पण एकीसारखी दुसरी नाही. एकीवर नदीवरचा पूल, एकीवर ताडाखाली उभा हत्ती, एकीवर शिकारी कुत्री, तर एकीवर नुसत्या गुलाबाच्या वेली. तीस वर्षांत अकरा जमल्या. त्या तिनं कधी काचेआड ठेवल्या नाहीत. "कपाटात ठिवून काय त्यांना मोड येणार हायती?" असं म्हणून ती रोज त्यातच पिठलंभाकरी वाढायची. वर्षानुवर्षांच्या हळदीनं बारीक चिरा पिवळ्या पडल्या होत्या. पण राखेचा हात आजीनं कधी लावू दिला नाही. रिठ्याच्या पाण्यानं ती स्वतः धुवायची.

संध्याकाळी नवनाथकाका, म्हणजे रुद्रचे वडील, कुरकुंभच्या कारखान्यातून ड्यूटी करून आले. प्रगतीनं त्यांनाही तेच विचारलं.

"फडताळाला रंग द्यायचाय, म्हणून माळ्यावर बांधून ठेवल्यात," काका तिच्याकडे न बघताच म्हणाले.

तिघं गोठ्यामागं जमले.

"काकू म्हणतात टाकल्या, काका म्हणतात ठेवल्या," सार्थक म्हणाला. "एकजण तरी थापा मारतंय."

"किंवा दोघंही," प्रगती म्हणाली. "रुद्र, तू माळा बघ. सार्थक, तू उकिरडा."

"उकिरडा मीच का?"

"तू लहान आहेस. वाकायला सोपं पडतं."

अर्ध्या तासानं सार्थक गुडघ्यापर्यंत शेण माखून आला. उकिरड्यावर चिनी मातीचा कपचाही नव्हता. माळ्यावरही ताटल्या नव्हत्या. रुद्रला मात्र एक वेगळीच गोष्ट लक्षात आली होती. तिथे कायम घडी घालून ठेवलेलं आजीचं काळं घोंगडंही गायब होतं.

"ताटल्या घोंगड्यात बांधून कुणीतरी नेल्यात," प्रगती म्हणाली. "फोडायच्या असत्या तर घोंगडं कशाला लागतं?"

शेजारचे रखमाजीमामा रोज पहाटे मेथी आणि झेंडू घेऊन टेम्पोनं दौंडला जायचे. वस्तीवरून काहीही बाहेर गेलं तर त्यांना ठाऊक असणारच. सार्थक सरळ विचारणाऱ्यातला नव्हता. तो अगदी साळसूदपणे म्हणाला, "मामा, आमचं घोंगडं तुमच्या टेम्पोत विसरलंय का हो?"

"विसरलं कुठनं? तुझ्या चुलत्यानं हातातनं सोडलं तर ना," मामा म्हणाले. "गुरुवारी दौंडपातुर गाठोडं मांडीवर धरून बसला. म्हनलं मागं ठेव, तर म्हनतो, न्हाई, आदळंल. तुळजाबाईच्या दारात उतरला."

तुळजाबाई म्हणजे आजीची दौंडची मैत्रीण. रेल्वेच्या बंगल्यांवर ती स्वयंपाक करायची, आणि कुठलं कुटुंब कधी निघणार याची खबर आजीला तीच द्यायची.

आता दौंडला जायचं कसं? सार्थकनं रात्री जेवताना जाहीर केलं, "काकू, सुट्टीत गाड्या मोजायचा प्रोजेक्ट आहे. स्टेशनच्या पुलावर उभं राहून किती मालगाड्या, किती प्रवासी गाड्या, ते लिहायचं."

असा कुठलाही प्रोजेक्ट नव्हता. पण घरात तीन पोरांचे प्रश्न ऐकण्यापेक्षा पोरं बाहेर बरी, असं काकूंना वाटलं असावं. "रखमाजीसंगं जा, त्याच्यासंगंच या. टोप्या घाला," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं तुळजाबाईंच्या दारात उभे होते. पाठीत वाकलेल्या तुळजाबाईंनी प्रगतीची हनुवटी वर केली. "बयाची नात ना गं तू? कपाळ तिचंच हाय." आणि त्यांचे डोळे भरून आले. गेल्या सहा महिन्यांत आजीसाठी कुणी असं उघड रडलेलं प्रगतीनं पाहिलं नव्हतं. तिलाही एकदम हुंदका फुटला. वस्तीवर दाबून ठेवलेलं सगळं रडू ती तुळजाबाईंच्या पदरात रडली. रुद्र आणि सार्थक नाक ओढत खाली बघत राहिले.

ताटल्या खाटेवर होत्या, घोंगड्यात, अकराच्या अकरा शाबूत. तुळजाबाईंनी पुलाची ताटली हातात घेतली. "ही नक्षी हातानं काढलेली न्हाई बरं का. कागदावर छापायची, कागद ताटलीवर दाबायचा आन् मग भाजायची. हे बघ, कागदाचा जोड हितं चुकलाय. वेल तुटलीय का न्हाई? बया बरोब्बर त्या जोडावर चटणी वाढायची. म्हनायची, ज्यानं केलं त्याची चूक आपण झाकावी."

"पण बाबांनी या इथे का आणल्या, आज्जी?" रुद्रनं विचारलं.

तुळजाबाईंनी ताटली खाली ठेवली. "तुझा बाप हितंच उंबऱ्यावर बसून लहान लेकरावाणी रडला, बाबा. म्हनला, मावशी, आबा रोज जेवताना दोन ताटल्या मांडत्यात. एक त्यांची, एक आईची. आन् इचारत्यात, बया जेवली का? मग मी सांगायचं, आबा, आई गेली दिवाळीत. ते ऐकून ते रडत्यात. दुसऱ्या दिशी पुन्हा तेच. म्हातारपणानं आबा इसरत्यात आन् मला रोज नव्यानं आई मारावी लागती. ताटल्याच दिसल्या न्हाईत, तर इचारायचे न्हाईत."

बाहेरून मालगाडी गेली तरी सार्थकनं डबे मोजले नाहीत.

"म्हणजे काकांनी आबांसाठीच केलं," तो म्हणाला. "मग परत कशाला न्यायच्या?"

"आबा जेवत नाहीत म्हणून," प्रगती म्हणाली. "ताटल्या होत्या तेव्हा ते रडायचे, पण जेवायचे तरी. आता तेही नाही. असंच चाललं तर आबाही जातील रे."

तिच्या तोंडून ते निघालं आणि तिची तिलाच भीती वाटली. तुळजाबाईंनी गाठोडं बांधायला घेतलं. येताना टेम्पोत तिघांनी ते आळीपाळीनं मांडीवर धरलं, आणि रस्त्यात एकदाही भांडण झालं नाही.

घरी पोचले तेव्हा दुपारची पानं मांडायची वेळ झाली होती. काकांना सुट्टी होती. पोरांच्या हातातलं गाठोडं बघून ते ताडकन उठले. "कुणाला इचारून आणलं हे? काय केलंय तुम्हाला ठाऊक हाय का?"

"ठाऊक आहे, काका," प्रगती म्हणाली. ती बाजूला झाली नाही.

आबा उठले. त्यांनी घोंगड्याची गाठ सोडली, पुलाची ताटली स्वतःपुढं मांडली आणि गुलाबाच्या वेलीची शेजारी, रिकाम्या पाटापुढं. मग नेहमीप्रमाणे विचारलं, "बया जेवली का?"

काकांनी तोंड फिरवलं. काकू पदराचं टोक चावत दारात उभ्या राहिल्या. मग प्रगती आबांसमोर जाऊन बसली. तिनं ठरवून काही केलं नाही. आत साचलं होतं ते बाहेर आलं.

"आबा, आजी आता नाही. दिवाळीत गेली. मला तिची रोज आठवण येते. मी शिक्रापूरला भाकरी थापायला शिकले, पण तिच्यासारखी फुगत नाही. तिला विचारायचं राहून गेलं."

आबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पण चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "फुगायची न्हाई," ते म्हणाले. "पीठ उकडीचं पाहिजे. बया पाणी खळखळ उकळून घ्यायची."

काका चमकून वळले. "आबा, तुम्हाला ध्यानात हाय?"

"काय ध्यानात हाय?"

"आई गेली ते."

आबांनी लेकाकडे एकटक पाहिलं. "नवनाथा, शंभर मेंढरांत कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे मी अजून सांगीन. बयाला मातीत ठेवली ते मी इसरेन व्हय?"

"मग रोज का इचारत होता?"

"तिचं नाव निघावं म्हून," आबा म्हणाले. "ती गेली आन् ह्या घरात तिचं नावच बंद झालं. मी तोंड उघडलं की तुम्ही विषय बदलता. म्हातारा रडंल म्हून. म्हनलं, इसरल्यावाणी इचारावं. मग तू जवळ बसायचास, आई म्हनायचास, माझ्यासंगं रडायचास. दिसातनं तेवढाच टाइम बया घरात असायची. तू ताटल्या नेल्यास, मग इचारायचं तरी कसं?"

काका मटकन खाली बसले. त्यांनी आबांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि सहा महिने रोज रडलेला तो माणूस पहिल्यांदा मोकळा रडला. काकू पुढं आल्या. "चुकलं माझं, मामंजी. मीच म्हनलं होतं, नाव काढू नगा. सासूबाईंचा जीव अडकू नये म्हून म्हनलं. जीव तर तुमचा अडकला."

मग त्यांनी प्रगतीला जवळ ओढलं, सार्थकच्या आणि रुद्रच्या डोक्यावरून हात फिरवला. "आम्हा मोठ्यांना जे उमगलं न्हाई ते पोरांनी दाखवून दिलं. पर त्या गाड्यांच्या प्रोजेक्टाचं मी नंतर बघते."

"शून्य मालगाड्या मोजल्या, काकू," सार्थक डोळे पुसत म्हणाला.

काकूंनी अकराही ताटल्या मांडल्या. माणसं सहाच होती, तरी सगळ्या मांडल्या. पिठलं आलं, भाकरी आली. आबांनी पहिला घास मोडला. तो घशाखाली उतरेपर्यंत सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"आबा," काकांनी विचारलं, "आईनं पहिली ताटली कवा आणली हो?"

आबांनी घास गिळला आणि सांगायला सुरुवात केली. दुष्काळाचं साल, दौंडचा बाजार, तुपानं काठोकाठ भरलेली कासंडी, आणि त्या कासंडीबदली ताटली घेऊन आलेली एकोणीस वर्षांची बया, जिला सासू दारातच म्हणाली होती की ताटली खा आता. सांगता सांगता आबा हसत होते आणि रडत होते. मध्येच काकूंनी आपली एक आठवण सांगितली, मग काकांनी, मग रुद्रनं. ताटल्या कधीच रिकाम्या झाल्या होत्या, सगळ्यांचे हात वाळून गेले होते, तरी कुणी उठत नव्हतं.